गालातला गुळाचा खडा

माझ्या तोंडात आता स्वतःचे म्हणावेत असे सात दात उरलेत. बाकीचे रात्रीचं जेवण झालं की काढून स्टीलच्या वाटीत, पाण्यात ठेवते. ती वाटी ओळखू यावी म्हणून सुनेने तिच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ठिपका द्यायच्या आधी एकदा त्याच वाटीतून एका पाहुण्याला आमटी वाढली गेली होती. त्याने दोनदा मागून घेतली, वर चव छान आहे म्हणाला. मी गप्प बसले. अशा गोष्टी मी पोटात ठेवू शकते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मी आठ-नऊ महिने पोटात ठेवली आणि ती पचली नाही. माझी नात आता नऊ वर्षांची आहे. तिच्या खालच्या जबड्यात उजवीकडे, ओळीच्या अगदी शेवटी, एक जागा रिकामी आहे. तिथे जन्मभर पुरायची दाढ होती. ती मी घालवली. मारून नाही, पाडून नाही. लाड करून घालवली. आणि घालवल्यावर तिला सांगितलं, की ती परत येईल.

मला काही माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही, म्हणून आधी माहेरचं सांगते.

माझं माहेर कर्जतचं, भिसेगावातलं. वडील शाळेत शिपाई होते. तिथल्या एका मास्तरांचं बघून ते आम्हा भावंडांसाठी ब्रश घेऊन आले, तेव्हा आमच्या आळीत ब्रश म्हणजे बूट पुसायची वस्तू होती. रात्री जेवणं झाली की वडील आम्हाला मोरीपाशी ओळीने उभं करायचे आणि तोंडात बॅटरी मारून बघायचे. आधी मागच्या दाढा, मग पुढचे दात. पुढचे दात लोक बघतात, मागच्यांना आपल्याशिवाय कोण आहे, असं ते म्हणायचे. घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात गेलं तर पुन्हा घासायला लावत. एकदा मी गोधडीत तोंड खुपसून चिक्की चघळताना सापडले. थंडीचे दिवस होते. वडिलांनी रागावण्याऐवजी नुसता ब्रश पुढे केला आणि मी अंगणात कुडकुडत उभी राहून घासले. तेव्हा मला वाटलं, जगात माझ्यासारखी दुर्दैवी मुलगी नाही. अक्कल तेवढीच होती.

अठराव्या वर्षी माझं लग्न खालापूरकडच्या गावात झालं. भातशेतीचं घर, सासू आणि दोन थोरल्या जावा. मी ट्रंकेत पाच साड्या, आरसा आणि नवा ब्रश घेऊन आले. पहिल्याच सकाळी ऐटीत परसदारी गेले. तिथे दगडावर सासू आणि जावा मशेरी लावत बसल्या होत्या. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. चुरून डबीत ठेवायची, बोटावर घ्यायची आणि गप्पा मारत दातांवर फिरवत राहायची. मी मनात म्हटलं, आता या बायकांना कर्जतची सून काय असते ते कळेल. भरपूर पेस्ट घेतली आणि जोरजोरात घासायला लागले. हनुवटीवरून फेस ओघळला.

थोरली जाऊ घाबरल्याचं सोंग करून उठली. सासूला म्हणाली, "आई, नवरीला कुत्रं चावलं काय बघा जरा. तोंडाला फेस आलाय."

सासू सावकाश थुंकली. "चावलं नसंल गं. करजतला असंच करत असतील."

आठवडाभर मी त्या घरात फेसवाली होते. भात वाढताना फेसवाली, पाणी भरताना फेसवाली. मोठ्याने कुणी चिडवत नव्हतं, तोंडातल्या तोंडात हसत होत्या. आज कुणी असं म्हणालं तर मी पेस्ट आणखी वाढवीन आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहीन. पण ती अठरा वर्षांची बाई निराळीच होती. तिला दातांपेक्षा त्या दगडावर बसायला जागा हवी होती. आठव्या दिवशी मी जावेच्या डबीत बोट घातलं. भोवळ आली, ओकारी आली, आणि दोघी जावांनी मिळून माझी पाठ चोळली. त्या पाठ चोळण्यापायी मी पंचवीस दात दिले. स्वस्तात गेले असं तेव्हा वाटलं होतं.

ब्रश पाडव्याला बैलांची शिंगं रंगवायला दिला. लाल रंग छान बसला.

त्या दिवाळीला वडील मला न्यायला आले. मी हसत दारात गेले. त्यांनी माझ्या दातांकडे बघितलं आणि मग बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. निघताना एवढंच म्हणाले, "पुढचे हे असे, तर मागच्यांचं काय गं?" मी पदर तोंडाला लावला. पुढे पुष्कळ वर्षं तो तिथेच राहिला, लोकांना वाटायचं सून मर्यादशील आहे.

हिरड्या सुटत गेल्या. दात दुखून कमी गेले, हलून जास्त गेले. एक तर भाकरीत सापडला. मी तो खडा समजून गिरणीवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

आता नातीचं.

मुलगा आणि सून दोघंही कुंभिवलीकडच्या कारखान्यांत कामाला जातात. सुनेची कंपनीची गाडी सकाळी नाक्यावर येते. नात पाच-सहा वर्षांची होती तेव्हा गाडी दिसली की टाहो फोडायची. आईचा ड्रेस धरून ठेवायची. सून गाडीत चढेपर्यंत मागे वळून बघायची, आणि मग दिवसभर तिचं कामात लक्ष लागायचं नाही. त्या दोघींचं दुःख मी एका गुळाच्या खड्याने मिटवलं. गाडीचा हॉर्न ऐकू आला की मी खडा नातीच्या उजव्या गालात ठेवायचे. कायम उजव्याच, का ते मला सांगता येणार नाही, सवय. तिला सांगायचे, चोखायचा नाही, चावायचा नाही, नुसता ठेवायचा. जितका हळू विरघळेल तितकी आई लवकर येईल. पोर तशी आज्ञाधारक. गाल फुगवून, हात न हलवता ओटीवर बसून राहायची. तासभर एक खडा पुरवायची. शेजारपाजारची नातवंडं दुपारपर्यंत रडत आणि माझी गप्प, याची मला घमेंड होती. दोघी-तिघींना मी ही युक्ती शिकवली सुद्धा.

सून कामावर जाण्याआधी तिचे दात घासून जायची. म्हणजे घासलेल्या स्वच्छ दातांवर मी गूळ लावत होते. रात्री सून थकलेली असायची. मी म्हणायचे, तू पड गं, मी घासते हिचे. मग पोरगी गोष्ट ऐकता ऐकता माझ्या मांडीवर झोपायची. झोपलेल्या लेकराला दात घासायला उठवणारी आजी मी नव्हते. तसं करणारा बाप मला होता आणि मला त्याचा राग यायचा. नात झोपली की मी तिच्या ब्रशवर पाणी सोडून ठेवायचे. सकाळी तो ओला दिसायचा.

नात सात वर्षांची होत आली असताना एका रविवारी तिची वेणी घालता घालता सुनेला तिच्या तोंडात काही दिसलं. तिने तिला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं आणि मला म्हणाली, आई, हिच्या शेवटच्या दाढेला काळं दिसतंय, शिळफाट्याला डॉक्टरांना दाखवून येऊ या का. मी चष्मा लावून बघितलं. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. मी सांगितलं की दुधाचा दात आहे, आज ना उद्या पडणारच. पडणाऱ्या दातासाठी रजा टाकतेस?

माझा तर्क पक्का होता. पक्का दात कधी येतो? दुधाचा पडला की. या जागचा दुधाचा कुठे पडलाय? काहीच पडलेलं नाही. म्हणजे हाच दुधाचा. अशा तर्काने मी चार पोरं वाढवली होती आणि त्यांच्या दातांची चौकशी पुन्हा कधी केली नव्हती. सुनेने रजा टाकली नाही. तिने मला विरोध केला असता तर बरं झालं असतं, असं आता म्हणते. तेव्हा केला असता तर मी दोन दिवस जेवले नसते.

गूळ चालू राहिला. ठिपक्याचा खड्डा झाला. जेवताना त्यात शेव अडकायची, मी उदबत्तीच्या काडीने काढून द्यायचे.

मग एक दिवस, सून कामावर असताना, दाढ ठणकायला लागली. नात भिंतीला गाल लावून उभी होती, भिंत गार असते म्हणून. रडत नव्हती. मी लवंग ठेवली, मिठाचं पाणी दिलं. थांबेना. मग मला आठवलं, माझी दाढ दुखायची तेव्हा सासू काय करायची. मी माझ्या कमरेची डबी उघडली आणि चिमूटभर मशेरी तिच्या दाढेच्या खड्ड्यात दाबली.

थोड्या वेळाने तिला घाम फुटला. चेहरा पांढरा पडला, आणि ती ओकली. पुन्हा पुन्हा ओकली. मी तिची पाठ चोळत बसले. पाठ चोळताना मला माझ्या जावांचे हात आठवले, आणि पहिल्यांदा मला माझी खरोखर भीती वाटली.

संध्याकाळी सून आली तेव्हा ओकाऱ्या थांबल्या होत्या, गाल सुजला होता. सुनेने तिला उचललं, तोंडापाशी तोंड नेलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"आई, हिच्या तोंडाला तुमचा वास येतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शिळफाट्याला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नातीला आधी खुर्ची वर-खाली करून दाखवली, मग तोंड बघितलं, फोटो काढला. मी न विचारताच सांगून टाकलं की दुधाचीच दाढ आहे. त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"आजी, ही दुधाची नाही. ही सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागे येते. हिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरोघरी हिला दुधाची समजतात. ही एकदाच येते."

त्यांनी विचारलं, गोड काय खाते? सून म्हणाली, फारसं काहीच नाही. मी गुळाचं सांगितलं. गोड किती खाल्लं याहून ते तोंडात किती वेळ राहिलं, याने दात जास्त किडतो, असं त्या म्हणाल्या. जेवणाबरोबर गूळ खाऊन चूळ भरली असती तर एवढं झालं नसतं. गालात धरून ठेवलेला खडा म्हणजे दाताला दिवसभर पाण्यात उभं करण्यासारखं. मग सुनेला म्हणाल्या, आतून फार पोखरलीय, पू झालाय, ही वाचत नाही. सूज उतरल्यावर काढावी लागेल. डावीकडची मात्र चांगली आहे, ती सांभाळा. रात्री झोपण्याआधी वाटाण्याएवढ्या पेस्टने घासायचे, मागून सुरुवात करायची, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. त्या माझ्या वडिलांचंच बोलत होत्या, फक्त हातात बॅटरी नव्हती.

आठवड्याने दाढ काढली. मी ती मागून घेतली. का, ते तेव्हा मला समजलं नव्हतं. कापसात गुंडाळून दिली. वाटेत रिक्षात नात तोंडात बोळा धरून बसली होती आणि खुणेने विचारत होती, कुठंय, दाखव.

आमच्याकडे पडलेला दात गोठ्याच्या कौलांवर फेकतात आणि उंदीरमामाला सांगतात, माझा जुना घे, नवा दे. घराला आता स्लॅब आहे, गोठ्यात मोटारसायकल आहे, पण कौलं होती. नातीचे पुढचे चार दात असेच गेले होते आणि मामाने चारही परत दिले होते. घरी येताच ती गोठ्याकडे पळाली. सून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी बोलायची ती वाट बघत होती. मी दाढ नातीच्या हातात दिली. तिने बोळ्यातूनच मामाला सांगितलं आणि फेकली. कौलावर ठक्क वाजलं.

"आजी, नवी कधी येईल?"

"दिवाळीपर्यंत," मी म्हटलं.

सून आत गेली. मागाहून मी तिला म्हटलं, पोरीला आज कशाला दुखवायचं, तू सांग सावकाश. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही सांगितलंय, तुम्हीच सांगा."

त्या दिवसापासून रात्रीचं दात घासणं तिने स्वतःकडे घेतलं. कितीही थकलेली असो. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला, जिथे माझा हात पोचत नाही. ते मात्र मला लागलं. मशेरी मी त्याच दिवशी सोडली, असं इथे लिहायला फार आवडलं असतं. त्याला पुढे चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी विहिरीमागे जाऊन चोरून लावत असे, अठरा वर्षांची असताना चोरून ब्रश करायला हवा होता तशी.

दिवाळी आली. नात रोज सकाळी ताटात तोंड बघायची आणि मागे बोट घालून चाचपायची. एकदा धावत आली, "आजी, टोचतंय थोडं. येतीय बहुतेक." मी म्हटलं, बघू. संक्रांत गेली. शिमगा गेला. तिने विचारणं कमी केलं, पण चाचपणं सोडलं नाही. अभ्यास करतानाही बोट तिथे. सून बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. त्या बघण्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर मला सोसलं असतं.

वैशाखात मुलाने गोठ्यावर पत्रे घालायला काढले. माणसं कौलं उतरवून अंगणात रचत होती. ती गेल्यावर मी झाडायला लागले. पालापाचोळा, चिमणीचं जुनं घरटं, कौलांचे तुकडे, आणि त्यात ती दाढ. उन्हापावसाने पिवळी पडली होती, पण खड्डा तसाच काळा. मी लगेच ओळखली. अंगणात कुणी नव्हतं. विहिरीत टाकली असती तर संपलं असतं. मशेरीची डबी तोवर रिकामीच कमरेला होती, सवयीने बाळगायचे. मी दाढ तिच्यात टाकली. चालताना ती वाजायला लागली. त्या वाजण्याने मला दुपारभर पडू दिलं नाही.

नात ओटीवर बसून चित्र रंगवत होती. बोट तोंडात. मी जवळ बसले.

"बोट काढ. ती येणार नाही."

तिने बोट काढलं. "कधी?"

"कधीच नाही. बाराव्या वर्षी तिच्या मागे दुसरी येईल, ती थोडी पुढे सरकली तर सरकेल. पण ती तिची ती. ही गेली ती गेली."

"मग दिवाळी म्हणालीस ते?"

"खोटं."

तिने हातातला रंगखडू खाली ठेवला. "उंदीरमामाने नेली नाही म्हणून?"

मी आयुष्यात पुष्कळ जणांवर पुष्कळ ढकललंय, जावांवर, गिरणीवाल्यावर. उंदरावर ढकलायला कितीसा वेळ लागला असता. तिने वाट स्वतःच करून दिली होती.

"नाही. मी गूळ ठेवायचे म्हणून. आणि रात्री न घासता तुला झोपू द्यायचे म्हणून. आईला माहीत नव्हतं."

मी डबी उघडली. तिने दाढ घेतली, फिरवून बघितली, खड्ड्यात करंगळीचं नख घालून बघितलं.

"ही माझी आहे?"

"तुझी."

"मग तू कशाला ठेवलीस?" असं म्हणून ती आत गेली आणि दाढ कंपासपेटीत ठेवून आली.

दोन दिवस ती माझ्याशी भांडली नाही, रुसली नाही. नुसतं काही मागितलं नाही. पाणी, चप्पल, वेणी, सगळं आईला. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आईचा मोबाइल घेऊन आली, बॅटरी लावली आणि मला म्हणाली, तोंड उघड. मी माझे सात दाखवले. तिने वाकून खालचे बघितले, वरचे बघितले.

"मागचा नाय घासलास," ती म्हणाली.

मी उठून घासला. आता रोज ती बघते. तिच्या वर्गातल्या मुलींना तिने दाढ दाखवली आणि कुणी घालवली तेही सांगितलं. परवा शेजारची म्हातारी, जिला मी गुळाची युक्ती शिकवली होती, फणकारत आली. तिचा नातू आता खडा घेत नाही, दिला तर थुंकतो, आणि सकाळभर रडतो म्हणे. मी तिला म्हटलं, रडू दे.

जेवताना नात डावीकडे चावते. भाकरीचा घास उजवीकडे गेला तर जिभेने ओढून पलीकडे नेते. बघायचं नाही असं ठरवून मी समोर बसते आणि तेवढंच बघते. सुनेची गाडी अजून रोज सकाळी नाक्यावर येते. हॉर्न वाजतो, नात दप्तर भरता भरता मान वर न करता आईला टाटा करते. गेली दोन वर्षं ती रडत नाही. गूळ नसता दिला, तरी रडणं आपोआप गेलंच असतं. दुधाचं होतं ते.